बारशाचा व्हिडिओ आणि अडकलेलं नाव

रविवारी पनवेलला भाचीचं बारसं होतं. आणि मी, तिची एकुलती एक आत्या, पाळण्याशी उभी राहून अख्ख्या घराशी भांडत होते...

माझा धाकटा भाऊ निखिल जहाजावर इंजिनिअर आहे. लेक झाली तेव्हा तो समुद्रात, बारशालाही समुद्रातच. त्याच्या बायकोने, पूर्वाने, दोन नावं काढली होती. त्यातलं कुठलं ठेवायचं ते निखिल सांगणार, तेही ऐन पाळण्याच्या वेळी! आधी सांगून ठेव म्हणून मी कानीकपाळी ओरडले. पण नाही... साहेबांना हौस.

जहाजावरचं नेट म्हणजे सगळा लहरी कारभार. सॅटेलाइटवरून येतं. जहाजाने तोंड फिरवलं की गेलं, आभाळ भरून आलं की गेलं.

आणि माझी नोकरीच ही आहे हो! सिग्नल वरखाली होत असताना कुठल्या क्षणी किती डेटा सोडायचा, हे ठरवणाऱ्या टीममध्ये मी काम करते. पण पूर्वाच्या माहेरी माझं कोण ऐकतंय? मी तिच्या सासरची, मला फक्त कानात कुर्र करायला बोलावलेलं.

व्हिडिओ कॉल लावला. निखिलचं अर्धं कपाळ दिसलं आणि तिथेच चिकटलं. पुन्हा लावला, तर नुसतं गोल गोल फिरतंय... मी म्हटलं, व्हिडिओ सोडा, साधा मेसेज करू. पूर्वाचे जासईचे मामा तडकलेच. "व्हिडिओ नाय तं बापाला पोर दिसंल कशी?" सगळ्या मावश्यांनी माना डोलावल्या.

हे कमी म्हणून की काय, मामा सकाळपासून निखिलला व्हिडिओवर व्हिडिओ पाठवत होते. फुगे, पाळणा, घुगऱ्यांचं पातेलं... अहो, घुगऱ्या कशाला? त्याच्या बारीकशा नेटमध्ये ते सगळं तुंबलेलं. बोळाच्या तोंडावर ट्रक आडवा लावायचा आणि सायकलवाला अजून का येत नाही म्हणून विचारायचं!

तिकडे पोरगी भुकेने कळवळायला लागली. पूर्वाचे डोळे भरलेले. एक मावशी म्हणाली, "तूच सांग गं दोन्हींतलं एक, उरकून टाकू." पूर्वाने मानेनेच नाही म्हटलं. नवरा बारशाला नाही तो नाहीच, निदान नाव तरी त्याच्याकडून यावं, एवढंच तिला हवं होतं.

मग मात्र माझं डोकं फिरलं. मामांचा फोन घेतला, अडकलेले सगळे व्हिडिओ डिलीट केले, बाकीच्यांनाही पाठवणं बंद करायला लावलं. आपल्याला हवंय काय? दोनातलं एक नाव. त्याला एक आकडा पुरे! निखिलला लिहिलं, "पहिलं नाव असेल तर १, दुसरं असेल तर २. बाकी काही नको."

एकच टिक. मामा फुरंगटून खिडकीशी. मी फोनकडे बघतेय, सगळे माझ्याकडे बघताहेत... आणि दुसरी टिक आली! पाठोपाठ उत्तर.

"२. ताई, ती रडते कशी ते ऐकव ना."

मी ते मोठ्याने वाचलं. फोटो त्याच्याकडे ढिगाने होते. पण ती रडायला लागली की आम्ही सगळे रेकॉर्डिंग बंद करायचो... व्हिडिओ छान यावा म्हणून! आपल्या लेकीचा आवाज त्याने एकदाही ऐकला नव्हता. आणि त्याला काय हवंय, हे विचारायचं आमच्यापैकी कोणाला सुचलं नव्हतं.

वाकून भाचीच्या कानात कुर्र केलं. इरा! पाठीत धपाधप धपाटे बसले. डिलीट झालेल्या व्हिडिओंचा सगळा राग मामांनी त्यात काढून घेतला. पाठ अजून दुखतेय.

मग इराच्या तोंडाशी फोन धरून तिचं रडणं रेकॉर्ड केलं, अगदी छोटंसं. पाठवलं... आणि पोचलं. देव त्या सॅटेलाइटचं भलं करो.

आता इराने भोकाड पसरलं की पूर्वा आधी फोन शोधते, मग दुपटं.