सिनेटरांचं आडवं जेवण

ऑस्ट्रेलियातील वॉलॉंगॉंग आणि पंचक्रोशीतील तमाम मराठी जनांस अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते, की रोमन साम्राज्याचे दुसऱ्यांदा पतन झाले आहे. आमचे सिनेटर लेकीजवळ राहायला पर्थला गेले.

सिनेटर मूळचे पुण्याचे, पोटापुरते पोर्ट केंबलाच्या पोलाद कारखान्यात इंजिनियर आणि उरलेल्या वेळात प्राचीन रोमचे रहिवासी. सम्राटांत त्यांना काडीचा रस नव्हता. "लढाया कोणीही वाचतो. अंगभर गुंडाळलेल्या टोग्यावर डाग पडला तर काय करायचे, ते विचार," असं म्हणत. मी एकदा विचारलं. रोमन परीट कपडे शिळ्या लघवीत तुडवून काढत, ही माहिती त्यांनी मला मसाला ताकाचा पेला तोंडाला लावल्यावर दिली.

त्यांच्या घरात उजवं पाऊल आधी टाकावं लागे, कारण रोममध्ये डावं अशुभ. सिनेटर स्वतः दारात उभे राहून "उजवा" म्हणत. शेजारच्या डगला नियम मान्य होता, पण पाय आठवत नसे. तो "नो वरीज, मेट" म्हणत दोन्ही पायांनी उडी मारून आत यायचा.

पण खरं वेड जेवणाचं. महिन्यातून एका रविवारी, दुपारी तीनला. "रोमन लोक आर्वोलाच, म्हणजे आपल्या ऑस्ट्रेलियन दुपारीच, जेवायला बसायचे. बसायचे म्हणजे पडायचे." हॉलमध्ये तीन गाद्या, मधे ताटं, आणि आम्ही डाव्या कोपरावर लवंडून उजव्या हाताने जेवणार. "काटे नव्हते रे त्यांच्याकडे. हातानेच खायचे. आपलीच माणसं." पोळीभाजीपर्यंत आपली माणसं टिकत. मग वरणभात यायचा, वरण मनगटावरून कोपराच्या दिशेने निघायचं आणि एकेक जण हळूच मांडी घालायचा. सिनेटर आडवेच. आमच्याकडे बघून खिन्नपणे म्हणत, "बसलं साम्राज्य."

त्यांच्या शेजारी एक उशी कायम रिकामी असे. ती वहिनींची. "आधी रोमन बायका बसून जेवायच्या, पण पुढे त्याही नवऱ्याशेजारी लवंडू लागल्या," हे ते दर वेळी वहिनींकडे बघत आम्हाला सांगत. वहिनी पळी घेऊन गाद्यांभोवती फिरत असायच्या. "मी लवंडले तर वाढणार कोण?" पंधरा वर्षं हाच प्रश्न, आणि पंधरा वर्षं सिनेटर अंगावरच्या चादरीचा टोगा सावरत विषय बदलणार.

जायच्या आधीचा रविवार. घर ट्रकमध्ये चढलं होतं, राहिल्या होत्या तीन गाद्या आणि ती उशी. सिनेटरांनी मला बाजूला घेतलं. "एकदाच रे. ही शेजारी, आणि पूर्ण जेवण. नाहीतर पंधरा वर्षं मी नुसताच आडवा पडलो होतो, असं होईल."

भांडी बांधलेली, म्हणून स्वयंपाक आमच्या घरून आणला होता. मी वहिनींच्या आधी पळी पकडली. त्या दोनदा मागायला आल्या, मी दिली नाही. शेवटी हात रिकामे कुठे ठेवावेत ते न कळून त्या ओढणी खोचून उशीवर लवंडल्या.

मी वरणभात वाढला. वहिनींनी तो घट्ट कालवला, लहानसा घास केला. मनगटावर थेंब नाही. दुसऱ्यांदा वाढला. त्यांनी तूप मागितलं. तिसऱ्यांदा वाढला. त्या दिवशी कोणाचीही मांडी घालायची हिंमत झाली नाही. डगच्या कोपरावरून वरण ठिबकत होतं, तरी तो हलला नाही.

सिनेटरांनी चष्मा पुसला. हळूच विचारलं, "कसं वाटतंय?"

वहिनी घास गिळायलाही थांबल्या नाहीत.

"अहो, बायका लवंडायच्या हे शंभरदा सांगितलंत. पण तेव्हा वाढायला दुसरं कोणीतरी असायचं, हे आधी सांगायचंत की."