शकुबाईंचा तांब्याचा बंब

लोणावळ्यात रेल्वेरुळांपलीकडच्या चाळीत शकुबाई पाटोळे राहतात. माहेर बेडशाचं. नवरा भिमाजी मिशनच्या विश्रामगृहात स्वयंपाकी होता. तो गेल्यावर मुलगा संदेश पर्यटकांची गाडी चालवून घर सांभाळू लागला. सून कोमल एका हॉटेलात कामाला जाते.

चाळीत कुणाचं अडलं की तो शकुबाईंच्या दारात यायचा आणि रिकाम्या हाताने जायचा नाही. तांदूळ, चादर, भिमाजीचा कोट, जे हाताला लागेल ते द्यायच्या. "प्रभूचं हाय समदं, आपलं काय हाय?" म्हणायच्या. चर्चमध्ये पाळकसाहेब त्यांचं उदाहरण द्यायचे.

एका वस्तूला मात्र त्या कुणाला हात लावू देत नसत. आईने लग्नात दिलेला, अंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब. दर शनिवारी चिंच आणि राख घेऊन तो घासत बसायच्या, तोंड दिसेपर्यंत. कोमलने एकदा गीझर बसवू म्हटलं, तर तिच्याशी धड बोलेनात.

संदेश चौथीत असताना त्याने एक करडू वाढवलं होतं. आई मेलेलं, बाटलीने दूध पाजून जगवलेलं. त्याचा चांगला बोकड झाला. शाळा सुटली की संदेश आधी त्याच्याकडे जायचा. त्याच सुमारास शेजारच्या विधवा भागुबाईच्या मुलीचं लग्न ठरलं आणि पंगतीला काही नव्हतं. एक दिवस संदेश शाळेतून आला तर नुसतं दावं पडलेलं. लग्नात शकुबाईंनी स्वतः त्याच्या पानात रस्सा वाढला. "खा. देवाला देताना तोंड वाकडं करायचं न्हाई." त्याने खाल्लं. मग मांडवामागे जाऊन ओकला. मंडळींनी शकुबाईंच्या दातृत्वाचं कौतुक केलं.

घरात तो विषय पुन्हा निघाला नाही. शकुबाई विसरूनही गेल्या.

गेल्या वर्षी चर्चमध्ये कापणीचा सण होता. लोक भोपळे, कोंबड्या, नारळ अर्पण म्हणून आणतात आणि उपासना झाली की अंगणात त्यांचा लिलाव होतो. शकुबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. इतक्यात संदेश आणि त्याचा एक मित्र बंब उचलून आत आले. टेबलावर ठेवला. संदेशने पाळकसाहेबांना सांगितलं, "आईचं अर्पण."

पाळकसाहेब मंडळींकडे वळले. ते म्हणाले, या मावशीने जीव लावलेली एकच वस्तू होती, तीही आज तिने प्रभूला दिली. टाळ्या वाजल्या. शकुबाईंना उभं केलं. त्यांनी हात जोडले. ओठ हलले, पण काय म्हणाल्या ते शेजारच्या बाईलाही कळलं नाही.

बंब एका रिसॉर्टच्या मॅनेजरने घेतला. "गेटवर ठेवतो, झाड लावायला मस्त," तो त्यांच्यासमोरच म्हणाला. "बुडाला चार भोकं पाडली की झालं."

घरी आल्यावर त्या मोरीच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"तुला ठावं व्हतं ना, माझा जीव व्हता त्याच्यात?"

"होतं," संदेश म्हणाला. "म्हणूनच दिला."

"मला इचारायचं तरी."

"तू विचारलं होतंस?"

"कवा?"

"बोकड देताना."

त्यांना आठवायला वेळ लागला. त्याला ते दिसलं आणि तो हसला. "बघ. तुला आठवतही नाही. आई, तू आयुष्यभर दुसऱ्यांचं दिलंस. माझं दिलंस, बाबांचं दिलंस. तुझं म्हणावं असं आज पहिल्यांदा गेलं, आणि तेही मी दिलं."

शकुबाई खाली बसल्या. म्हणाल्या, "चुकलं माझं. माफ कर."

"प्रभू करेल," संदेश म्हणाला आणि गाडीची किल्ली घेऊन निघून गेला.

त्यानंतर कुणी मागायला आलं की शकुबाई आत जाऊन कोमलला विचारू लागल्या. कोमल बहुतेक वेळा नाही म्हणायची. मग त्या दाराशी येऊन सांगायच्या, "न्हाई, बाबा." चाळीत बोलणं सुरू झालं, की म्हातारी शेवटी चिक्कू झाली. बंब दिला त्याचा पस्तावा होतोय. चर्चमध्येही बायका पूर्वीसारख्या शेजारी बसेनात. शकुबाईंनी कुणाला काही सांगितलं नाही.

थंडीत पलीकडच्या खोलीतली ताजुन्निसा आजारी पडली. तापाने कुडकुडत होती. शकुबाईंनी या वेळी आत विचारलं नाही. स्वतःच्या अंगावरची गोधडी, एकच होती, घडी करून तिच्या पायांवर घालून आल्या. ताजुन्निसा म्हणाली, "मावशी, तुम्ही काय पांघराल?" "हाय की घरात," त्या म्हणाल्या.

घरात दुसरी नव्हती. त्या दोन लुगडी एकावर एक पांघरून निजू लागल्या. पहाटे संदेश गाडी काढायला उठायचा, तेव्हा त्या गुडघे पोटाशी घेऊन पडलेल्या असायच्या. त्याने पहिल्याच दिवशी पाहिलं. गोधडी कुठे गेली, तेही त्याला कळलं. चहा पिऊन तो बाहेर पडला आणि जाताना दार ओढून घ्यायला विसरला नाही. थंडी सरेपर्यंत त्याने दुसरं पांघरूण आणलं नाही, आणि त्यांनीही मागितलं नाही.