विहारातला केर

रस्ता ओलांडायचा झाला की काकी एक हात वर करायची आणि चालू लागायची. समोर ट्राम असो, लॉरी असो. मी मागे राहिले की वळून ओरडायची, "चल की गं! कलकत्ता काय त्येंच्या बाचं हाय व्हय?"

मी तिचा पदर धरून पलीकडे जायची. आटपाडीकडून लग्न होऊन थेट कलकत्त्याच्या बहूबाजारात आलेली, शाळा पाचवीतच सुटलेली. बंगाली कळत नव्हतं, हिंदीची भीती वाटायची. दुष्काळाच्या साली आमच्या भागातली किती माणसं सोनं गाळायला परमुलखात गेली, तुम्हाला ठाऊक असेलच. माझे मालक त्यातलेच. सोनारांच्या दुकानांतला केर विकत आणायचा, धुवायचा, भट्टीत गाळायचा आणि त्यात राहिलेलं सोनं काढायचं, हा धंदा. काकी कवठे महांकाळकडची. तिचे मालक फौजेतून आलेले, आमच्या कारखान्याचे राखणदार. झाडलोट काकीकडे.

या धंद्यात केर कुणी फेकत नाही. हातपाय धुतलेलं पाणीसुद्धा पिंपात साठवतात. काकीनं तर स्वतःच्या खोलीतला केरही डब्यात भरून ठेवलेला मी पाहिलाय. "हात वळत न्हाई गं फेकायला," म्हणायची.

बुद्धाचा विहार मला तिनंच दाखवला. सोनारांच्या गल्लीमागे, हातोड्यांची टकटक ऐकू येईल इतक्या जवळ. जुनी, आमच्या पणज्यांच्या काळातली वास्तू. आत सोन्यासारखी झळाळणारी मोठी मूर्ती. गावातल्या देवळात काकी कधी पायरीच्या वर गेली नव्हती. तिच्या लोकांना जाऊ देत नसत. धर्म बदलला तेव्हा तिच्या कडेवर लेकरू होतं. इथे ती तडक मूर्तीपुढे जाऊन बसली आणि मला म्हणाली, "बस. ह्ये माझं घर हाय. आज तू माजी पावनी."

दर पौर्णिमेला ती विहार झाडायची. केर मात्र बाहेर न टाकता पोत्यात भरायची. एकदा एका बंगाली बाईनं ते पाहिलं. पोत्याकडे बोट दाखवून तिनं आवाज चढवला. चार बायका जमल्या. 'चोर' हा शब्द मलाही कळला.

विहारातले भिक्खू, भंते, बाहेर आले. काकीनं पोतं खाली ठेवलं आणि ताठ उभी राहिली.

"चोरी नहीं किया. भगवान के अंग का सोना झडता है, तुम लोग फेकता है. मैं गाळ के लाएगी. अगले पुनव को तुमारे हात में देगी."

भंतेंनी पोत्यात डोकावून पाहिलं. मग होकाराची मान हलवली.

झालं. काकीची अब्रू त्या पोत्यात जाऊन बसली. माझ्या मालकांनी केर धुतला, मुशीत घालून भट्टीत ठेवला. सगळे कारागीर भोवती. निघाला सोनेरी रंगातल्या पितळेचा काळपट कण, ज्वारीच्या दाण्याएवढा.

"काकी, तुजा देव रंगाचा निघाला की!" एक जण म्हणाला.

"बरं झालं गड्या," काकी म्हणाली. "सोन्याचा असता तर तुमी त्येला ठेवला असता व्हय? कवाच मुशीत घातला असता!"

सगळे खो खो हसले. पण त्या दिवशी तिनं पुढ्यातला चहा तसाच ठेवला.

पौर्णिमा आली. मी म्हटलं, "काकी, ताप आलाय म्हणून सांगूया. नगं जायला."

"शब्द दिलाय गं. न्हाई गेले तर चोरच ठरंन. माझ्यासंगट समद्या आमच्या मान्सांला नाव ठेवतील."

विहारात त्याच बायका होत्या. काकीनं कागदाची पुडी भंतेंपुढे उघडली.

"सोना नहीं निकला. इतनाच निकला. लेकिन मैं चोर नहीं."

भंतेंनी तो दाणा बोटावर घेतला. न्याहाळला. आणि खांदे हलेपर्यंत हसले. "सोना कहाँ से निकलेगा, माई? रंग तो मैंने ही लगाया था."

बायकाही हसल्या. काकी हसली नाही. ती मूर्तीच्या बाजूला गेली, मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाली, "कान के पीछे छूट गया है. बराबर नहीं लगाया तुमने."

भंतेंनीही मान वाकडी करून पाहिलं. मग आत गेले आणि रंगाचा डबा, कुंचला घेऊन आले. दोन्ही तिच्या हातात दिले.

काकीनं पदर खोचला. हात जोडले. "स्टूल धर गं नीट," मला म्हणाली आणि वर चढली. चोर म्हणणारी बाईच खाली डबा धरून उभी राहिली. काकी कुंचला फिरवत होती, आणि माझी छाती अशी भरून आली, जणू आमच्या अख्ख्या मुलखाला कुणी हात धरून आत घेतलं होतं.

पुढे काकी आणि तिचे मालक गावी परतले. काकी तिकडेच वारली. कळलं तेव्हा महिना उलटला होता. मी अजून इथेच आहे. मूर्तीला नंतर कितीदा रंग लागला असेल. विहारात गेले की मी आधी मूर्तीच्या मागे जाते. तिथे काय बघतेस म्हणून नव्या बायका विचारतात.

"आमच्या सांगलीकडच्या बाईनं रंगवलाय हा कान," मी सांगते. चांगलं मोठ्यानं सांगते.