बुटकी मुशी

धक्क्यावर मासळीच्या बाबतीत म्हाताऱ्या तांडेलाचा, होडीच्या म्होरक्याचा, शब्द शेवटचा असे. नदीच्या मुखात सापडलेला कुठलाही मासा पुढे ठेवा, तो शेपटी धरून उचलणार, क्षणभर थांबणार आणि मगच नाव सांगणार. ते थांबणं असं की रंगमंचावर असता तर त्यावरच टाळी पडली असती.

हातभर लांबीच्या करड्या मुशीला, म्हणजे छोट्या शार्कला, ‘बुटकी’ हे नाव त्यानेच दिलं होतं. “ही जातच बुटकी. वाढते ती एवढीच.” चाळीस वर्षं सगळा धक्का तेच म्हणत आला.

म्हणून माशांची पाहणी करायला आलेल्या बाई मच्छीमारांच्या सभेत म्हणाल्या, “ही मोठ्या मुशीची पिल्लं आहेत, ती जात संपत चाललीय, तीन महिने मुखात जाळी टाकू नका,” तेव्हा सगळ्या माना तांडेलाकडे वळल्या. तो उठला, थांबला. “बाई, तुम्ही ती पुस्तकात पाहिलीत. मी हातात धरलीय.” हशा पिकला. निर्णय आठवडाभर पुढे गेला.

दुसऱ्या दिवशी बाई त्याच्या घरी आल्या. भांडल्या नाहीत. त्याची बायको ओट्याशी मासे साफ करत होती. तिच्या परातीतली एक बुटकी उताणी करून बाईंनी पोहायच्या पुढच्या दोन परांच्या मधोमध बोट ठेवलं. तिथे बारीक चीर होती, अजून न भरलेली.

“ही बेंबी, काका. जन्मून फार दिवस झालेले नाहीत. आया इथे येऊन वितात आणि समुद्रात परत जातात. उथळ, गढूळ पाण्यात मोठे मासे फारसे येत नाहीत, म्हणून पिल्लं इथे वाढतात.”

तांडेलाने चष्मा लावला, पुसला, पुन्हा लावला. “जाळ्याने कापलं असेल.”

“सगळ्यांना एकाच जागी?” बायकोने मान वर न करता विचारलं. “मी हजारो चिरल्या. एकीच्याही पोटात पिल्लू निघालं नाही. लग्नाला दोन वर्षं झाली होती, तेव्हाच मी तुम्हाला विचारलं होतं.”

त्याला आठवलं. तिने चारचौघांत विचारलं होतं, आणि “तू सुरी चालव, जाती मी सांगतो,” म्हणून त्याने टाळी घेतली होती. त्यानंतर तिने मासळीबद्दल कधी काही विचारलं नाही. तिचं समाधान झालं असंच तो समजत आला होता.

सभेच्या सकाळी तो अंथरुणातच पडून राहिला. “मला ताप आलाय म्हणून सांग.”

“सांगते,” ती म्हणाली आणि चपला घालू लागली. कपाळाला हातसुद्धा लावला नाही.

तो उठला.

सभेत तो नेहमीसारखा थांबला नाही. “बुटकी नावाची जातच नाही. ती पिल्लं आहेत. हिला ते तेव्हाच दिसलं होतं, मी हिचं हसं केलं.”

“मग तांडेल, चाळीस वर्षं आम्ही विकलं काय?” मागून कोणीतरी टोमणा मारला.

“बाळं,” तो म्हणाला. “माझ्या शब्दावर.”

कोणी हसलं नाही. जाळी थांबवायला एकेक हात वर गेला, अगदी सावकाश. तोवर तो स्वतःच्या तळहातांकडे पाहत बसला होता.

घरी जाताना त्याने विचारलं, “बरोबर बोललो ना?”

“बोललात,” ती म्हणाली. “उशिरा.”

ती पुढे चालत राहिली. तो दोन पावलं मागेच राहिला. बरोबरीने चालायचा धीर त्याला झाला नाही.