बुधवारची आमटी

तक्रारींवर इतका जीव लावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. लोक फुलझाडं वाढवतात, पोपट पाळतात. मुलुंडच्या वृद्धाश्रमातले आमचे व्यवस्थापक तक्रारी वाढवायचे. मी तिथे नर्स म्हणून लागले तेव्हा पहिल्या महिन्यात मला वाटलं, या गृहस्थांच्या डोक्यात काहीतरी बिघाड आहे. सकाळी खांद्यावर पंचा टाकून ते सगळ्या खोल्यांतून फिरत, पण 'कसं वाटतंय?' असं कुणालाही विचारत नसत. "बोला, आज काय वाईट?" हा त्यांचा नमस्कार. एकदा एक निवृत्त मास्तर म्हणाले, पंखा कुरकुरतो. झालं. व्यवस्थापक पंख्याखाली उभे राहून, गाणं ऐकावं तशी मान वाकडी करून ऐकत राहिले. "मास्तर, बरोबर आहे तुमचं. रात्रभर असाच?" इतका चांगला विद्यार्थी मास्तरांना नोकरीत कधी मिळाला नसेल. पंख्याला त्याच दिवशी तेल मिळालं, पण त्याच खोलीतल्या खिडकीची कडी मात्र यांनी ढिलीच ठेवली. "उद्यासाठी राहू दे की काहीतरी," मला म्हणाले.

बाकी कामात माणूस ढिला नव्हता. पाण्याचा टँकर, आयांच्या रजा, अँब्युलन्सवाल्याशी हुज्जत, सगळं तेच बघत. ऐंशीच्या दशकात आपल्या लोकांना वृद्धाश्रम हा शब्द उच्चारायचीही लाज वाटे. बिल्डिंगमध्ये 'आई गावी गेल्यात' असं सांगून मुलं आईला आमच्याकडे ठेवून जात, आणि पुढे मुलगा वेळेत पोचला नाही तर स्मशानात अग्नी द्यायलाही हेच उभे राहत. पण त्यांच्या मते त्यांचं खरं काम एकच, माणूस कुरकुरता ठेवणं. "तुम्ही ताप बघता, सिस्टर, मी कुरकुर बघतो. जो सगळं छान आहे म्हणेल, त्याच्याकडे आधी धावा." मी म्हटलं, "साहेब, काही माणसं खरंच समाधानी असतात." "असतील," ते म्हणाले, "आपल्याकडे येत नाहीत."

दर बुधवारी आमटी अळणी असायची. स्वयंपाकाच्या बाई मालवणकडच्या, हात पक्का, तरी दर बुधवारी हे. शेवटी एकदा त्या माझ्यापाशी फणफणल्या, "मी काय येडी आसंय? साहेबच सांगतत, बुधवारी मीठ घालू नको म्हणान. नाव माझा खराब होता." मी तशीच ऑफिसात गेले. भांडायलाच गेले होते. ते शांतपणे म्हणाले, "बुधवारी जेवणघरात येऊन बसा." बसले. आठवडाभर एकमेकांचं तोंड न बघणारी म्हातारी माणसं मिठाचं भांडं या टेबलावरून त्या टेबलावर देत होती आणि एका सुरात व्यवस्थापकांचा उद्धार करत होती. व्यवस्थापक दाराआड उभे होते. नातवाचं बारसं असावं तसा चेहरा.

आमटीची मात्रा चालली नाही ती एकाच बाईवर. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली आजी, उभा जन्म अंधेरीच्या बाजारात मासे विकलेली. खुब्याचं हाड मोडलं म्हणून मुलानं आणून ठेवली होती. हाड जुळलं, पण ती खाटेवरून उठेना. काहीही विचारा, "सगला बरा हाय." जेवण दोन घासांवर आलं. डॉक्टर म्हणाले, आजार काही उरला नाही, पण अशीच राहिली तर जास्त दिवस काढणार नाही. बुधवारी तिनं अळणी आमटी मीठ न मागता खाल्ली, तेव्हा व्यवस्थापक स्वतः जेवले नाहीत.

त्या रविवारी ते पिशवी घेऊन मासळीबाजारात गेले. हा माणूस जन्माचा शाकाहारी. परत आले ते धोतरावर डाग घेऊन, आणि एक पापलेट परातीत घालून थेट आजीच्या खाटेशी. "आजी, बघा बरं कसं आहे."

आजीनं नजर टाकली. मग हळूच हात बाहेर काढला, कल्ला दाबला, बोट हुंगलं.

"कोनी दिला रं तुला ह्यो?"

"बाजारात एका बाईंनी. एकदम ताजं आहे म्हणाल्या."

"तुजा थोबार बगून बोलली ती. डोला बग त्याचा, कवाच आत गेलाय. पापलेट हाय का पायपुसना? फेक भायेर. पुरच्या टायमाला मना घेऊन चल."

"चालत येणार असाल तर नेतो. मला काही तुम्हाला उचलता यायचं नाही."

"तुला कोन उचल बोलला?"

ऑफिसात येऊन ते खुर्चीत बसले. "सिस्टर, थोबाड म्हणाल्या मला." दुपारी आजीनं स्वतःहून वॉकर मागितला. पुढे दर रविवारी रिक्षातून दोघं बाजारात जात. आजी पुढे, शिव्या मोकळ्या, मागे पिशवी धरून व्यवस्थापक. ती गेली काही वर्षांनी, आणि तीही आदल्या दिवशी कालवणात चिंच कमी पडल्याचं सुनावून. शिळा मासा मुद्दाम आणला होता का, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "मुद्दाम शिळा आणायचा तरी ताजा ओळखता यायला हवा ना, सिस्टर."

निवृत्तीनंतर ते दिंडोशीला पुतण्याकडे राहत. मधे आजारी असल्याचं कळलं म्हणून मी भेटायला गेले. खिडकीशी खुर्चीत बसले होते, पंचा खांद्यावरच होता. मी म्हटलं, "बोला साहेब, आज काय वाईट?"

"काही नाही. सगळं छान आहे."

पुतणसून भली होती. चहा आला. छान आहे म्हणाले. हवा छान, पुतण्या छान, झोप छान. बाहेर मुलं आरडाओरडा करत खेळत होती, तेही छान. असं छान मी नोकरीभर ऐकलं होतं आणि त्यामागे काय येतं तेही पाहिलं होतं. मी उठले, सुनेला म्हटलं, आणखी एक कप मी करते, आणि त्यांचा चहा बिनसाखरेचा केला.

त्यांनी घोट घेतला. थांबले. आणखी एक घेतला, आणि कप बशीत ठेवला.

"काय हो सिस्टर," ते म्हणाले, "आज बुधवार का?"

शुक्रवार होता. मी हो म्हटलं.