हबीबभाऊंची 'बांधावरची धुई'

नागभीडला माझी पहिली नेमणूक झाली तेव्हा शाळेचा रेडिओ बंद पडलेला होता. मुख्याध्यापकांनी तो माझ्या हाती देऊन मला स्टेशनच्या रस्त्यावरच्या हबीबभाऊंकडे पाठवलं. दुकानात शिरायला वाट नव्हती. टेपरेकॉर्डरची फीत दोन खुर्च्यांच्या पायांभोवतून फिरत होती आणि एका तारेचा आवाज विरत विरत पुन्हा येत होता. मांडीवर गिटार घेऊन बसलेले हबीबभाऊ म्हणाले, "फितीले पाय लावू नका जी मास्तर. गेलेला आवाज वापस कसा येते, ते पाहून राह्यलो." रेडिओ दुसऱ्या दिवशी मिळाला, मी मात्र रोज संध्याकाळी तिथे जाऊ लागलो. मला थोडी ढोलकी येत होती, तेवढं त्यांना पुरलं.

हबीबभाऊंचे वडील पत्र्याच्या पेट्या बनवत. घरात गाण्याची परंपरा नव्हती. पण हबीबभाऊ एका गावी रेडिओ पोचवायला गेले असता धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, रोवणी करणाऱ्या शेवंताबाईंचा आवाज त्यांच्या कानी पडला. ते बांधावर उभे राहिले आणि रोवणी संपेपर्यंत हलले नाहीत. मग रीतसर त्यांच्या यजमानांना भेटले, परवानगी मागितली. शेवंताबाईंच्या अंगणात आमची तालीम सुरू झाली. त्या रोवणीची गाणी जशीच्या तशी म्हणत, आणि हबीबभाऊंची गिटार त्यांच्यामागून धुक्यासारखी, तिकडे धुई म्हणतात तशी, येई. नागपुरातल्या एका लहानशा स्टुडिओत दोन दिवसांत पाच गाणी झाली. तबकडीचं नाव ठेवलं 'बांधावरची धुई'.

ती कुणी घेतली नाही. रेडिओवाल्यांनी परत पाठवली. हे लोकगीत नाही, सुगमही नाही, असं त्यांचं म्हणणं. हबीबभाऊ म्हणाले, "आपल्या लोकायले ऐकवू, त्यायले समजते." म्हणून दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या मंडईच्या एका जत्रेत, भरदुपारी, आम्ही मंचावर बसलो.

पहिली तार वाजली आणि लोक हसू लागले. "भूत आलं रे!" कुणीतरी ओरडलं. मग शेवंताबाईंचं नाव घेऊन, त्यांच्या यजमानांचं नाव घेऊन, हबीबभाऊंच्या जातीचा उद्धार करून जे बोललं गेलं, ते मी इथे लिहिणार नाही. मातीची ढेकळं आली. माझी नोकरी नवी होती. मी ढोलकी खाली ठेवली आणि मंचावरून उतरलो. पंचाहत्तरीच्या अशा गौरवग्रंथात लेखकाने स्वतःची लाज सांगू नये, पण ती वगळली तर हबीबभाऊंची उंची कळणार नाही. ते दोघे उठले नाहीत. गाणं शेवटच्या ओळीपर्यंत म्हटलं, सभेला नमस्कार केला, मगच उतरले.

त्यानंतर शेवंताबाई गायल्या नाहीत. मंचावर नाहीत, आणि रोवणीतही नाहीत. बाया म्हणत, "म्हण ना वो," तर त्या नुसतं रोप लावत पुढे जात.

माझ्या पळून जाण्याबद्दल हबीबभाऊ मला कधी एक शब्द बोलले नाहीत. स्वतःला मात्र त्यांनी माफ केलं नाही. एकदाच म्हणाले, "मास्तर, मी त्या बाईचं गाणं खाल्लं."

दुकान चालेनासं झालं. ते घुग्घुसला कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये लागले आणि निवृत्तीपर्यंत यंत्रांच्या घरघरीत उभे राहिले. आधी एक कान गेला, मग दुसरा. आज ते नागभीडला परतले आहेत, पण त्यांना काहीही ऐकू येत नाही. मी पाटीवर लिहितो, ते वाचतात आणि बोलतात.

शेवंताबाई आजारी पडल्या तेव्हा त्यांच्या यजमानांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. लेक लांब कोरपन्याकडच्या गावी दिलेली. चंद्रपूरच्या दवाखान्यात त्यांना घेऊन जायचे ते हबीबभाऊ. पुकारलेला नंबर ऐकू येत नसे, म्हणून हातातली चिठ्ठी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दाखवत उभे राहत. महिनोन् महिने. त्या गेल्या, तेव्हाही ते दाराशी चिठ्ठी घेऊनच उभे होते.

त्यानंतर काही वर्षांनी एक तरुण दिग्दर्शिका नागभीडला आल्या. नागपूरच्या भंगारात त्यांना आमची तबकडी सापडली होती आणि त्यांना ती आपल्या सिनेमात घ्यायची होती. मी सगळं पाटीवर लिहून दाखवलं. हबीबभाऊ म्हणाले, "पयले तिच्या पोरीले विचारा. अन् नाव शेवंताबाईचं वरतं टाका, माह्यं खालतं."

आम्ही लेकीकडे गेलो. दिग्दर्शिकाबाईंनी मोबाइलवर गाणं लावलं. लेक ऐकत राहिली आणि म्हणाली, "हे कोन म्हन्ते?"

"तुमची आई," मी म्हणालो.

"माही माय तं कधी गात नोती." आणि ती पदर तोंडाशी धरून रडू लागली. हबीबभाऊ तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. ती काय म्हणाली, हे त्यांनी मला विचारलं. मी पाटीवर लिहिलं नाही.

सिनेमा चालला आणि गाणं देशोदेशी गेलं. परदेशात तबकडी पुन्हा निघाली. तिच्यावर 'सायकेडेलिक फोक' असं छापलंय. त्याचा अर्थ मी 'भुलवणारं लोकसंगीत' असा लिहून दाखवला, तर हबीबभाऊ म्हणाले, "बाई तं रोवणीत म्हणे तसंच म्हणे. ते कोनाले भुलवून राह्यली होती?"

पुण्यात मोठा कार्यक्रम झाला. गाणं लावलं, शेकडो तरुण मुलं डोळे मिटून डोलत होती. हबीबभाऊ मंचावर हात जोडून बसले होते. मध्येच माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "मास्तर, संपलं का?" त्यांना नमस्कार कधी करायचा ते कळत नव्हतं. पत्रकार माझ्याकडेच येतात, कारण मला ऐकू येतं. मंचावरून उतरलेल्या माणसाच्या मुलाखती छापून आल्या आहेत.

हबीबभाऊ पंचाहत्तर वर्षांचे झाले. हा गौरव उशिरा आला असं म्हणवत नाही. उशिरा येणाऱ्याची कुणी वाट तरी पाहत असतं. समारंभात भाषणं होतील, त्यातलं अक्षरही त्यांच्यापर्यंत पोचणार नाही. पण हा ग्रंथ ते वाचतील, पाटीवर मी लिहिलं नव्हतं तेसुद्धा. चष्मा लावून, ओळीखाली बोट धरून वाचतील. म्हणून हबीबभाऊ, माझं मागणं इथेच लिहितो. तुमची दृष्टी शाबूत राहो. गुडघे चालते राहोत, शुक्रवारी मशिदीपर्यंत कुणाचा हात धरावा न लागो. दोन वेळची भाकर गोड लागो आणि झोप लागो. मला तुमच्याआधी जाऊ द्या, एवढा स्वार्थ माझा. तुमच्यावाचून मी त्या गाण्याबद्दल बोलायला नको.