साडूचा अंगठा

आमच्या साडूइतका हेवा करण्याजोगा माणूस अख्ख्या शहापूर-मुरबाडात दुसरा नसेल, आणि तो हेवा मी एकही सुटी न घेता केला आहे. तो माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. माझं किन्हवलीत ग्रिल-गेट बनवायचं दुकान. आयुष्य गॅस कटरच्या ठिणग्यांत गेलेलं. तो मात्र मुरबाडच्या एमआयडीसीत लेझर कटिंगच्या मशीनवर ऑपरेटर. कामावरून परस्पर सासुरवाडीला, टोकावड्याला गेलो तर मी कोळशाच्या वखारीतून आल्यासारखा, आणि याच्या शर्टाची इस्त्री शाबूत. सासूबाई आम्हा दोघांना एकाच ओटीवर बसवायच्या. त्याच्या हातात सरबत द्यायच्या, माझ्या हातात साबण.

त्याला एक खोड होती. कुठेही कड दिसली की तिच्यावरून अंगठा फिरवायचा. एसटीच्या सीटचा दांडा, ट्रंकेचं झाकण, काहीही. कापल्यावर धातूच्या कडेला जे बारीक काटे राहतात, त्यांना तो भाताच्या लोंबीवरचं कुसळ म्हणायचा. पंगतीत वाढपी जिलबी घेऊन उभा, आणि हा ताट उलटं करून कड चाचपतोय. सासऱ्यांच्या अंगणाला मी हौसेनं गेट बसवलं, तर सगळ्यांदेखत म्हणाला, "दादा, कुसळ र्‍हायलंय." दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं जाऊन मी ते कानशीनं घासून आलो.

लेझर म्हणजे काय, हे न विचारताही तो सांगायचा. एका लग्नात त्यानं सासऱ्यांचा जाड भिंगाचा चष्मा काढून उन्हात पत्रिकेवर धरला. धूर निघाला आणि नेमकं नवऱ्यामुलाच्या मामाच्या नावावर भोक पडलं. "ह्योच आपला लेझर. फक्त सूर्याच्या जागी मशीनमधला उजेड," तो म्हणाला. "आरसे त्याला वळवून आणतात, भिंग सुईच्या टोकाएवढा गोळा करतं. लोखंड वितळतं, वरून गॅसचा फवारा त्याला खाली उडवतो. पातं नाय, कात्री नाय. कम्प्युटरवर नक्षी काढा, तशीच निघते." मग लिफ्टचे दरवाजे, विजेच्या पेट्या, ट्रॅक्टरचे भाग, सगळं याच मशीनवर कसं निघतं याची यादी. मामाचं नाव जळालं ते राहिलं बाजूला, मांडव याच्याभोवती. मी दिवसभर खपून पत्र्याचं एक फूल कापायचो. हा चहा पिऊन येईपर्यंत याचं मशीन टोपलीभर फुलं कापायचं. मी फार जळायचो.

मग टोकावड्याच्या गावदेवीच्या पालखीला पितळेची नवी महिरप करायचं ठरलं. गावातलं सगळं धातूकाम तोवर माझ्याकडे यायचं. ही महिरप साडूकडे गेली असती तर पुढे मला तिथं कोणी खिळासुद्धा मागितला नसता. सासरे पातळ पत्रा घेऊन सरळ त्याच्याकडेच वळले. "तुमच्या मशीनवर हुईल ना?"

त्यानं पत्र्याच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि सासऱ्यांना म्हणाला, "नाय होणार, मामा. पितळ चकाकतं. लेझर उलटा फिरून भिंगच फोडील. याला दादाची करवतच पायजे."

पंधरा दिवस मी केसाएवढ्या करवतीनं महिरपीवरच्या नक्षीच्या वेली कापल्या. पालखी निघाली त्या दिवशी त्यानं महिरपीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "कुसळ नाय." त्यानंतर त्यानं मशीनचं कौतुक सुरू केलं की मी सावकाश विचारायचो, "आणि पितळेचं काय?" तो नुसता हसायचा.

पुढे कंपनीनं त्याला परराज्यातल्या कारखान्यात पाठवलं. गिऱ्हाइकांना मशीनचीच नक्षी हवी झाली, तेव्हा मीही नाइलाजानं पत्रे घेऊन मुरबाडला गेलो. मशीनशेजारी कापलेल्या पितळी चकत्यांचा ढीग होता. त्याच्या जागी आलेल्या ऑपरेटरला नातं सांगून मी म्हटलं, "पितळ याच्यावर कापता येत नाही ना?"

"पातळ असलं तर येतं की. जरा जपून कापायचं. तुमच्या साडूंनीच शिकवलं आमाला. मशीन आल्यापासून कापत व्हते ते."

मी तिथल्या स्टुलावर बसलो. इतकी वर्षं त्याच्या मशीनवर, इस्त्रीवर, सरबतावर जळलो. आता या मोठेपणावरही जळायचं म्हणजे या वयात झेपणारं काम नाही. घरी येऊन त्याला फोन लावला. विचारायचं ते ओठांवर होतं, पण म्हणालो, "तुझ्या मशीनवर पत्रे कापून आणले."

"कडंवर अंगठा फिरवला का, दादा?"

"फिरवला. कुसळ नाही."

पितळेचं नाव दोघांनीही काढलं नाही.

परवा टोकावड्याला लग्नाच्या पंगतीत बसलो, तर शेजारी साडूच्या जागी कोणी अनोळखी पाहुणा होता. वाढपी येईपर्यंत मी माझं ताट उलटं केलं आणि कडेवरून अंगठा फिरवला.